सगळी इंजिनं बंद

वाहतूक शाखेतल्या देवकी हटवारला बोटींची ड्युटी लागली, तेव्हा तिची पाण्याशी ओळख एवढीच होती की तिला पोहता येत होतं. भिवापूरच्या पुढे धरणाचं पाणी पसरलेलं आहे. त्या पाण्यावर दर जानेवारीत शिडाच्या होड्यांचा महोत्सव भरतो. सुरुवातीला मोजक्याच होड्या असायच्या. मग हैदराबादहून, भोपाळहून, गोव्याहून लोक आपापल्या होड्या ट्रकवर लादून आणू लागले, त्या बघायला नागपूरहून गाड्यांच्या रांगा लागू लागल्या आणि काठावरचा सिमेंटचा धक्का लोकांच्या तोंडी 'बंदर' झाला. नागपूरकरांना या शब्दाची फार मजा वाटे. 'बंदरवर चाललो' म्हटलं की हिंदीत ऐकणारा विचारी, कोणत्या झाडावर?

गेल्या वर्षी प्रेक्षकांच्या एका मोटारबोटीचा धक्का लागून एका मुलाची लहान होडी उलटली. मुलगा लाइफ जॅकेटमुळे तरंगत राहिला, हसतच वर आला, पण आयोजकांच्या तोंडचं पाणी पळालं. या वर्षी पाण्यावरच्या वाहतुकीसाठी वेगळा माणूस द्या, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं आणि साहेबांनी देवकीचं नाव दिलं. शहरातले अवघड चौक ती वर्षानुवर्षं सांभाळत होती. साहेब म्हणाले, "रस्ता काय अन् पाणी काय, ट्रॅफिक ते ट्रॅफिक."

महोत्सवाचे प्रमुख होते गौरांग सर. नौदलातून निवृत्त होऊन ते रामदासपेठेत राहायला आले होते आणि मुलांना होड्या शिकवत होते. आदल्या दिवशी त्यांनी देवकीला धक्क्यावर उभं करून सगळं पाणी दाखवलं.

"मॅडम, एक गोष्ट आधीच सांगतो. या होड्यांना ब्रेक नसतो."

"मंग थांबते कशी?"

"शीड सैल सोडायचं. मग थांबते हळूहळू. तिच्या मर्जीनं."

"अन् रस्ता कोणाचा?"

"शिडाचा. इंजिनवाल्यानं बाजूला व्हायचं."

देवकीला हसू आलं. "म्हणजे ज्याच्यात जोर जास्त, त्यानं थांबायचं. आमच्या सीताबर्डीले हे कोणी ऐकणार नाही, सर."

पण तिला तो नियम आवडला. दुपारभर तिनं पाण्यात खुणेचे तरंगते नारिंगी बोये टाकून घेतले. प्रेक्षकांच्या मोटारबोटी काठाकाठानं जातील, मोठी शिडं मधल्या पाण्यात राहतील आणि मुलांच्या होड्या पलीकडे, धरणात बुडालेली जी बाभळीची झाडं अजून डोकं वर काढून उभी आहेत, त्यांच्या अलीकडे. संध्याकाळी सगळ्या बोटचालकांना बसवून तिनं सांगितलं, "वायरलेसवर मी 'सगळी इंजिनं बंद' म्हटलं की जिथं असाल तिथं बंद करायचं. काहून, कशासाठी, हे नंतर विचारायचं."

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तेव्हा ती गस्तीच्या बोटीत होती. बोट चालवायला भिवापूरचा ताराचंद होता, बोलका माणूस. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस पडून गेला होता, हवेत ओल होती आणि थंडी कानात शिरत होती. धक्क्यावरून झेंडा हलला, आणि एकामागून एक शिडं वर चढू लागली. पांढरी, तांबडी, निळी. आधी ती नुसती फडफडली. मग वाऱ्यानं त्यांत शिरून ती फुगवली आणि एवढा मोठा ताफा काहीही आवाज न करता चालू लागला.

देवकीला गर्दीची सवय होती. पण गर्दी म्हणजे हॉर्न, धूर, ओरडा. एवढं काही हलतंय आणि पाण्याची फक्त चुळचुळ ऐकू येते आहे, हे तिला झेपेना. तिनं हातातला वायरलेस तोंडापर्यंत नेला होता, तो तसाच राहिला.

"मॅडम," ताराचंद म्हणाला, "धक्क्यावरून विचारून राहिले, इकडे सगळं बरोबर आहे का."

"हो. सांग, बरोबर आहे."

तासाभरानं वारा पडला. शिडं लोंबकळू लागली. ताराचंदनं नदीच्या तोंडाकडे बोट केलं. तिकडून पाण्याला चिकटून पांढरं काहीतरी येत होतं.

"धुवारी आहे. पाऊस झाला ना परवा."

"किती वेळ राहते हे धुकं?"

"ते तिले विचारा."

देवकीला वाटलं, अजून लांब आहे. तेवढ्यात मोठ्या होड्यांची खालची बाजू दिसेनाशी झाली, मग शिडं गेली, मग काठ गेला, आणि थोड्याच वेळात तिला आपल्याच बोटीचं दुसरं टोक धड दिसेना. आजूबाजूला मोटारबोटींची इंजिनं चालू होती. आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नव्हतं. मुलांच्या होड्या कुठेतरी पुढेच होत्या, वाऱ्याशिवाय जागच्या जागी डुलत.

वायरलेसवर गौरांग सर आले. "मॅडम, मोटारबोटी हळूहळू धक्क्याकडे बोलावतो. आणि मुलांना आणायला रेस्क्यू बोटी पाठवतो. थंडी आहे, लहान मुलं आहेत."

देवकीनं एक क्षण विचार केला. आयुष्यभर तिनं लोकांना 'चला, चला, पुढे चला' म्हटलं होतं.

"नाही सर. कोणालेच काही दिसत नाही. जी हलली, ती कोणावर तरी जाणार. मी सगळं बंद करून राहिली."

मग सर म्हणाले, "बरोबर. पाण्यावर तुम्ही आहात, तुम्हीच सांगा. मी काठावरचे स्पीकर बंद करवतो. लोकांनाही गप्प करतो, म्हणजे तुम्हाला ऐकू येईल."

"सगळी इंजिनं बंद," देवकीनं वायरलेसवर सांगितलं. दोनदा सांगितलं. मग मुलांच्या दिशेनं तोंड करून ओरडली, "मुलांनो, शिडं खाली घ्या, होडीत खाली बसा."

ताराचंदनं आपलंही इंजिन बंद केलं. एकेक करून बाकीचे आवाज गेले. काठावर वाजत असलेलं गाणं मध्येच तुटलं. मग फक्त एक इंजिन राहिलं.

ते थांबत नव्हतं. देवकीनं पुन्हा वायरलेसवर सांगितलं. उत्तर नाही.

"धोंडबाची मोठी बोट असेल," ताराचंद हळूच म्हणाला. "तिचं इंजिन इतकं जुनं आहे की वायरलेस कानाले लावला तरी ऐकू येत नाही त्याले. अन् सवाऱ्या भरून आहेत तिच्यात."

"इकडे येते का?"

तो कान देऊन ऐकत राहिला. "येऊन राहिली."

तो आवाज आणि देवकीची बोट यांच्या मध्ये कुठेतरी मुलांच्या होड्या होत्या. ओरडून उपयोग नव्हता. तिनं खिशातली शिट्टी काढली आणि चौकात ट्रक अडवताना मारावी तशी मारली. छाती भरून, लांब. मग पुन्हा. मग पुन्हा.

धोंडबाला ती ऐकू गेली नाही. पण बोटीच्या पुढच्या टोकाला बसलेल्या नागपूरच्या बायकांना गेली. धुक्यातून कोणीतरी ओरडलं, "अगा थांबव, पोलीस आहे." मग चार जण ओरडले. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं.

बोट मात्र थांबली नाही. आधीच्या वेगानं ती सरकत राहिली, आणि देवकीच्या डोळ्यांसमोर धुकं फाडून तिचं भलंमोठं नाक बाहेर आलं. त्याच्या पुढ्यात, अगदी समोर, एका मुलाची चिमुकली होडी होती. मुलगा खाली बसून वर बघत होता. बोटीच्या टोकाला बसलेली म्हातारी वाकली, तिनं होडीची डोलकाठी दोन्ही हातांनी धरली आणि होडीला आपल्या बोटीच्या कडेला असं सरकवलं, जसं वाटेतलं वासरू बाजूला करतात.

"कोणाचा गा तू?" तिनं विचारलं.

"मोहित," मुलगा म्हणाला. एवढंच त्याला सुचलं.

"बस मंग इथंच. मी धरून ठेवते तुले." तिचं नाव प्रयागबाई होतं, हे देवकीला नंतर कळलं. शेवटपर्यंत तिनं ती काठी सोडली नाही.

आता कुठेच आवाज नव्हता. देवकी बोटीत उभी राहिली आणि तिला ऐकू येऊ लागलं. ओल्या शिडांवरून पाणी ठिबकत होतं. कुणीतरी खोकलं, ते काठावर की शेजारी, कळलं नाही. कुठल्यातरी होडीत एक मूल दबक्या आवाजात पाढे म्हणत होतं. काठावर हजारो माणसं उभी होती, चहाचे ठेले होते, गाड्या होत्या, आणि त्या सगळ्यांनी श्वास रोखल्यासारखी शांतता पाळली होती. नागपूरची एवढी माणसं एका जागी अशी गप्प तिनं कधी पाहिली नव्हती.

गौरांग सरांनी वायरलेसवर सुचवलं, "मॅडम, मुलांना नावं सांगायला लावा. एकानं सांगितलं की शेजारच्यानं."

देवकीनं हाक दिली. धुक्यातून नावं येऊ लागली. रितिका. आयुष. सौरव. काही आवाज इतक्या जवळून आले की ती दचकली. ज्या पाण्याला ती रिकामं समजत होती, ते मुलांनी भरलेलं होतं. ताराचंद तोंडात पुटपुटत हातातल्या यादीशी नावं जुळवत होता. शेवटी तो थांबला.

"वैभवी राहिली. खापरखेड्याची."

देवकीनं नावानं हाका मारल्या. इतर मुलांनीही मारल्या. वैभवी, वैभवी, करत ते नाव होडीहोडीनं लांब गेलं आणि परत काही आलं नाही.

त्यानंतरचा वेळ देवकीला फार जड गेला. इंजिन चालू करावं तर बाकीच्यांना धोका, न करावं तर ती पोरगी. मुलांच्या बाजूचं पाणी फार खोल नव्हतं, लाइफ जॅकेट होतं, हे सगळं ती स्वतःला सांगत होती. वर मान करून बघत होती. आणि वरच पहिल्यांदा फरक पडला. डोक्यावरचं पांढरं पिवळसर झालं. मग त्यातून एका मोठ्या होडीच्या डोलकाठीचं टोक निघालं, उन्हानं चमकलेलं, खाली काही नसताना. मग दुसरं. मग सगळीकडे. जणू धुक्यातून काठ्याच उगवत होत्या. मग हळूहळू शिडं, दोर, माणसांची डोकी, आणि शेवटी पाणी. प्रत्येक होडी आपल्या जागी होती. कुणी कुणाला लागलं नव्हतं. लोक नुसते एकमेकांकडे बघत होते, जणू आपण सगळे इथेच होतो यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

देवकीलाही थोडं थांबावंसं वाटलं. पण ती ताराचंदला म्हणाली, "चल. हळू."

सरांना कळवून तिनं बाकी सगळ्यांना आहे तिथंच ठेवलं आणि फक्त आपली बोट मुलांच्या पलीकडे नेली. तिकडे धुकं अजून खाली बसलेलं होतं, बुडालेल्या बाभळींच्या अंगाला गुंडाळलेलं. बोयांची रांग संपली. पाण्याला तिथे थोडी ओढ होती, वारा नसताना होडी तिकडेच गेली असणार. ताराचंदनं इंजिन बंद केलं आणि वल्ह्यानं बोट झाडांत घातली.

होडी एका मोठ्या वाळक्या बाभळीला दोरीनं नीट बांधलेली होती. शीड उतरवलेलं होतं. वैभवी आत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बारा-तेरा वर्षांची पोरगी. लाइफ जॅकेट हनुवटीपर्यंत, ओठ थंडीनं निळे, पण चेहऱ्यावर भीती नव्हती.

देवकी बोटीत मटकन बसली, आणि मग तिला राग आला.

"काहून वं, एवढ्या हाका मारल्या, ऐकू नाही आल्या तुले?"

"आल्या मॅडम."

"मंग आवाज काहून नाही दिला? आमचा जीव जाऊन राहिला होता तिकडे."

वैभवीनं फक्त हळूच वर बोट केलं, अगदी थोडंसं, हात न हलवता.

देवकीनं वर पाहिलं. बाभळीवर पानं नव्हती, पण ती भरलेली होती. फांदीफांदीवर पाणकावळे बसले होते. शेजारच्या झाडावरही, त्यापुढच्यावरही, धुकं जिथपर्यंत दिसू देत होतं तिथपर्यंत. आत्ता ऊन तिथे पोचत होतं, आणि ऊन जसजसं फांद्यांवर चढत होतं तसतसे ते पंख उघडत होते. एकानं उघडले, मग त्याच्या खालच्यानं, मग ओळीनं सगळ्यांनी. ओले, काळे, उघडे पंख धरून ते उन्हात नुसते उभे राहिले. पंखांवरून वाफ निघत होती. सगळ्यात खालचा पक्षी वैभवीच्या डोक्याच्या एवढा जवळ होता की तिनं हात वर केला असता तर त्याला लागला असता.

"मी आली तेव्हापासूनच होते," वैभवी कुजबुजली. "मी वरडली असती तर सगळे उडून गेले असते."

देवकीला तिला खूप काही सांगायचं होतं. हाकेला ओ देण्याबद्दल, जबाबदारीबद्दल, आईबापाबद्दल. ते सगळं ती नंतर, धक्क्यावर, चांगल्या खड्या आवाजात सांगणारही होती. आत्ता तिनं अंगातलं खाकी जर्किन काढलं आणि वाकून पोरीच्या खांद्यांवर घातलं. ताराचंद, जो सकाळपासून एक मिनिट गप्प बसला नव्हता, वल्हं मांडीवर ठेवून मान वर करून बसला होता.

वायरलेस खरखरला. देवकीनं पटकन आवाज कमी केला आणि तोंड हातानं झाकून बोलली.

"सापडली, सर. सुखरूप आहे."

गौरांग सरांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला तिला ऐकू आला. "फार छान. घेऊन येताय ना? वारा धरतोय आता, पुढचं सुरू करायचं आहे."

"येतो," देवकी म्हणाली. "उलीसा वेळ लागन."

"काही अडचण आहे का?"

तिनं वर पाहिलं. ऊन आता सगळ्यात वरच्या फांदीपर्यंत गेलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "अडचण काही नाही."