डाव्या कुशीवर

माणसाला सरतेशेवटी चारच माणसं लागतात, असं थोर लोक सांगून गेले आहेत. थोर लोकांनी मोटारीचा सांगाडा कधी आडवा केला नसावा. त्याला सहा लागतात.

काटकोनाला हे वेल्डरनं सांगितलं. काटकोन हे काही त्याचं जन्मनाव नव्हे. पुलांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत तो आयुष्यभर ड्राफ्ट्समन होता आणि चहाच्या कपाचा कानसुद्धा टेबलाच्या कडेशी नव्वद अंशांत असावा असा त्याचा आग्रह असे. नाव सहकाऱ्यांनी ठेवलं. निवृत्तीच्या भाषणातही तेच वापरलं गेलं, कारण खरं नाव ऐन वेळी कुणाला आठवेना.

गाडी लग्नानंतर घेतलेली, पहिली आणि शेवटची. तिचं इंजिन, दारं, काचा, आसनं, दिवे असं सगळं त्यानं एकट्यानं उतरवून, चिठ्ठ्या डकवून भिंतीकडेला रचलं होतं. गॅरेजात उरला होता नुसता पत्र्याचा सांगाडा, लाकडी ठोकळ्यांवर बसवलेला. डोळ्यांच्या जागी भोकं, तोंडाच्या जागी पोकळी. काटकोन रोज सकाळी त्याच्याशेजारी स्टूल टाकून चहा प्यायचा. दोघांनाही बोलायची सवय नव्हती, त्यामुळे बरं चाललं होतं.

बायको लेकीकडे गेली होती, बाळंतपणाला. बाळ आता शाळेत जात होतं. भांडण वगैरे काही झालेलं नव्हतं. भांडायला निदान एका जागी असावं लागतं. येणार कधी, असं त्यानं एकदा फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "गाडी नीट झाली की या घ्यायला. बसचा मला त्रास होतो." तिनं ते सहज म्हटलं असेल. त्यानं ते कंत्राटातल्या अटीसारखं मनावर घेतलं.

गाडीत ती डावीकडे बसे. पाऊस झाला की म्हणे, "अहो, माझ्या पायाखाली ओलं लागतंय." तो सांगे, लागू शकत नाही. एकदा तर त्यानं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तिला कागदावर आडवा छेद काढून दाखवला. हा पत्रा, पत्र्यावर डांबर, डांबरावर जाजम. पाणी शिरणार कुठून? तिनं नकाशा नीट पाहिला, घडी केली आणि पायाखाली घातला. घरी आल्यावर तो भिजलेला निघाला. या विषयावर पुढे चर्चा झाली नाही.

गेल्या वर्षी त्यानं जाजम उचललं तेव्हा तिच्या पायांच्या जागी पत्राच नव्हता. ताटलीएवढं भोक होतं, त्यातून गॅरेजची फरशी दिसत होती. इतकी वर्षं ती जाजमावर पाय ठेवून बसली होती.

म्हणून वेल्डर. त्यानं वाकून भोक पाहिलं, जीभ टाळ्याला लावून आवाज केला आणि म्हणाला, "मी काही हिच्याखाली उताणा पडणार नाही. ठिणग्या सरळ तोंडावर येतात. कुशीवर वळवून ठेवा, सडलेली बाजू वर. मी उभ्यानं पत्रा मारून देतो."

"वळवायची कशी?"

"हातानं. नुसता डबाच तर राहिलाय. सहा माणसं बोलवा. भाऊबंद, मित्रमंडळी असतीलच की."

"असतील," काटकोन म्हणाला. हे क्रियापद भविष्यकाळी की संशयार्थी, हे वेल्डरनं विचारलं नाही.

"चार लोक काय म्हणतील," असं बायको आयुष्यभर म्हणत आली होती. पडद्यांच्या रंगापासून ते त्याच्या बोलण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्या चार लोकांचं काहीतरी म्हणणं असे. आता त्या चार लोकांना प्रत्यक्ष गाठायची वेळ आली, तर त्यांचा पत्ता तिच्याबरोबर गेला होता.

आधी मेहुण्याला फोन केला. मेहुण्यानं नवं घर बांधलं तेव्हा कौतुकानं जेवायला बोलावलं होतं आणि काटकोनानं जेवणाआधी जिना मोजून तिसरी पायरी बुटकी असल्याचं सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं.

"गाडी वळवायला?" मेहुणा म्हणाला. "नाही जमायचं भावोजी. पाय मुरगळलाय."

"कशानं?"

"जिना उतरताना." मग जरा थांबून, "तिसऱ्या पायरीवर."

मग कचेरीतला शेजारच्या टेबलावरचा. "कोण, काटकोन? अरे, आहेस का अजून?" काटकोनानं आहे म्हणून सांगितलं. त्याचे दोन्ही गुडघे बदललेले होते. "बाकी काय?" "बाकी ठीक." एवढं झाल्यावर दोघंही थोडा वेळ फोन धरून उभे राहिले, कुणी आधी ठेवायचा यासाठी.

समोरच्या घरातला दातांचा डॉक्टर तगडा होता. पण त्याच्या कुंपणाची भिंत ओळंब्यात नाही, हे काटकोनानं त्याला भिंत रंगवून झाल्यावर सांगितलं होतं. वरच्या मजल्यावर एक शिक्षिका राहायची, सासूसकट. त्यांना काय सांगणार, बायकामाणसं. यादी इथे संपली.

फोनवर एक चित्रफीत त्याला सापडली होती. कुठल्यातरी देशातली सहा माणसं असाच सांगाडा धरतात, कुणीतरी आकडे मोजतं, सांगाडा जुन्या टायरांवर आडवा होतो आणि सहाही जण हसतात. ती त्यानं पुष्कळदा पाहिली. पद्धत पहिल्या खेपेतच कळली होती.

शेवटी ज्याचं कुणी नाही त्याचा जॅक असतो, असं म्हणून त्यानं रविवारी दुपारी स्वतःच हात घातला. तयारी चोख होती. गाडीखाली उताणं पडून, दातांत बॅटरी धरून त्यानं तळाचा नकाशा काढला होता, भोक लाल शाईनं दाखवलं होतं आणि तो भिंतीवर समोरच चिकटवला होता. भोक नकाशात उजवीकडे होतं, म्हणून उजवी बाजू उचलायची. डोळा फसवतो, नकाशा फसवत नाही, हे त्याचं कचेरीतलं वाक्य होतं आणि त्यावर कचेरीतल्या कुणी कधी त्याच्याशी वाद घातला नव्हता. सांगाड्याच्या दुसऱ्या अंगाला त्यानं पलंगावरची गादी अंथरली. त्याची स्वतःची गादी बसून चपटी झाली होती. बायकोची वापर नसल्यामुळे छान फुगीर होती, ती घातली.

जॅक, ठोकळा, पुन्हा जॅक, पुन्हा ठोकळा. वरून आढ्याच्या कडीतून ओवलेला दोर. सांगाडा कुरकुरत उठत गेला आणि अर्ध्यावर, म्हणजे काटकोनाच्या बरोबर निम्म्यावर आला, तेव्हा दोराची गाठ सुटली. जॅक कलंडला. काटकोनानं विचार न करता खांदा लावला. आयुष्यात विचार न करता केलेली ही त्याची दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे गाडी घेणं.

आता पुढे लोटायला जोर नव्हता आणि मागे सोडावा तर सांगाडा त्याला घेऊनच बसला असता. गॅरेजचं दार उघडं होतं. बाहेरून सायकलची घंटी ऐकू आली, कुठेतरी नळ चालू होता. हाक मारायला हवी होती. पण काय म्हणून? 'वाचवा' म्हणावं, तर तो बुडत नव्हता. 'धावा' म्हणावं, तर ते नाटकातलं वाटत होतं.

"जरा येता का कुणी?" तो म्हणाला. कचेरीत खोडरबर मागायचा तो आवाज.

कुणी आलं नाही. पत्रा खांद्यात रुतत होता. घाम डोळ्यांत उतरला. आणि मग त्याच्या तोंडून एक शब्द निघाला, जो तो त्या घरात आयुष्यभर ऐकत आला होता आणि गेली काही वर्षं ऐकला नव्हता.

"अहो!"

नळ बंद झाला. दातांचा डॉक्टर अर्ध्या चड्डीत धावत आला, मागून त्याची बायको. जिन्यावरून शिक्षिका आली, तिच्यामागे कठडा धरत सासू. पाण्याचे जार पोचवणारा वरच्या मजल्यावर चाललेला, तो खांद्यावरचा जार दारात ठेवून आत शिरला.

"काका, सोडू नका हं."

"सोडत नाहीये."

"एकटेच करायला निघालात?" डॉक्टर म्हणाला. "समोर राहतो हो मी. भिंत वाकडी असली म्हणून काय झालं?"

"धरायचं कुठं ते सांगा," सासू म्हणाली. "नुसतं बघायला नाही मी जिना उतरले."

"आई, तुमची कंबर..."

"कंबर घरी ठेवून आलेय."

"मी मोजतो," डॉक्टर म्हणाला. "एक, दोन..."

"तीनला उचलायची, की तीन म्हणून झाल्यावर?" जारवाल्यानं विचारलं.

"उचला रे आधी. व्याकरण नंतर," सासू म्हणाली, आणि सगळ्यांनी उचललं. सांगाडा क्षणभर उभा राहिला, विचार करत असल्यासारखा, आणि मग गादीवर हळूच आडवा झाला. गादीनं हुश्श केलं. पहिल्यांदा डॉक्टरची बायको हसली, मग सगळेच. काटकोनानं मनातल्या मनात मोजलं. त्याला धरून सहा भरत होते.

त्यानं चहा टाकला. कप दोनच सापडले. बाकीचे बायकोनं कुठे ठेवलेत ते त्याला ठाऊक नव्हतं. उरलेल्यांना वाट्यांतून दिला. वाटीला कान नसतो, त्यामुळे ती कशीही ठेवली तरी चालत होती.

"काकू कधी येणार?" शिक्षिकेनं विचारलं.

"गाडी झाली की."

"म्हणजे गाडीवर अडलंय होय," सासू म्हणाली, आणि सांगाड्याखालच्या गादीकडे, तिच्यावरच्या फुलाफुलांच्या चादरीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिनं वाटी स्वतः धुऊन उपडी घातली.

"काही लागलं तर हाक मारा," डॉक्टर जाताना म्हणाला. असं म्हणतात लोक. जारवाल्यानं जार उचलला आणि तो वर गेला. थोड्या वेळानं समोरचा नळ पुन्हा सुरू झाला.

काटकोनानं स्टूल ओढून सांगाड्यासमोर टाकलं. गाडी डाव्या कुशीवर निजली होती, त्याच्याकडे पाठ करून. शेवटची काही वर्षं बायकोही अशीच निजायची. तळाचं काळं डांबर, चिखल, मधून गेलेला लांब कणा. इतकी वर्षं वापरलेल्या वस्तूची ही बाजू त्यानं उजेडात कधी पाहिलीच नव्हती. त्यानं फोटो काढला आणि बायकोला पाठवला. खाली लिहिलं, "वळवली."

तिला उत्तर द्यायला एरवी दुसरा दिवस उजाडायचा. या वेळी लगेच आलं.

"एकट्यानं?"

"नाही. सगळे आले होते."

"सगळे कोण?"

तो 'समोरचे डॉक्टर' असं लिहू लागला. तेवढ्यात तिचंच पुढचं आलं.

"पॅडलची भोकं वर दिसतायत."

"हो."

"मग वरची बाजू तुमची. माझी खाली गेली."

त्यानं भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. नकाशात चूक नव्हती. रेघ न् रेघ बरोबर होती. फक्त तो खालून काढलेला होता, आणि खालून पाहिलं की डावं उजवीकडे दिसतं. तो गुडघ्यांवर बसला, फरशीला गाल टेकला आणि बॅटरी मारली. अगदी तळाशी, सांगाड्याच्या आणि फरशीच्या सांध्यात, ताटलीएवढ्या भोकातून फुलाफुलांच्या चादरीचा फुगवटा बाहेर आला होता.

फोन पुन्हा वाजला. "ओलं लागतंय म्हणत होते ना मी," एवढंच होतं. रागानं लिहिलंय की हसून, हे लिहिलेल्यावरून कळत नाही. त्यानं 'हो' असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवलं.

गाडी परत वळवायलाही सहाच माणसं लागतात. जारवाला तोवर निघून गेला होता.