सात कोटींचा मुका आकडा

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, पैज लावतो. मी एक जुना आकडा आहे. किती जुना? सूर्य पेटला तेव्हा मी आधीच ताटकळत उभा होतो. नाव लांबलचक: सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. अंकांत, ७३९३९१३३.

एक आणि मी स्वतः सोडून मला कोणीही पुरता भागू शकत नाही. अशांना मूळ संख्या म्हणतात. पण माझी खोड निराळीच. शेपटीचा एक अंक पुसा, उरेल तीही मूळ. आणखी एक पुसा, तरी मूळ. पुसत पुसत एकटा सात उरला तरी मूळच. माझ्याहून मोठ्या एकाही आकड्याला हे जमत नाही.

एवढा मोठा मी, पण हात नाहीत की तोंड नाही. लिहिणारा लिहील तसा मी.

आठ-दहा वर्षांपूर्वी, तेलुगू राज्यातल्या या नार्नूरच्या मराठी शाळेत, तुमच्या वर्गाच्या याच फळ्यावर, भागीरथाबाईंनी मला लिहिलं. बाईंची नोकरी कच्ची होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी चांगला शेरा दिला तर ती पक्की व्हायची होती. घाईत दुसऱ्या नऊवर खडू मोडला आणि त्याचा बाक अर्धाच राहिला.

"सायेब, याले कोनीच भागत नाई," बाई म्हणाल्या.

साहेब तेलुगू मुलखातले, मराठी अंकांशी ओळख जुजबी. वहीत मला उतरवून घेताना तो अर्धवट ९ त्यांना १ वाटला. माझ्या अंकांची बेरीज अडतीस, त्यांच्या वहीत झाली तीस.

"तीन से तो जाता है, पंतुलम्मा," ते हसत बाईंना म्हणाले. पंतुलम्मा म्हणजे त्यांच्या तेलुगूत शिक्षिका.

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. त्यांना तिथे नऊच दिसला, कारण त्यांनी नऊच लिहिला होता. पण साहेबांना वही दाखवा म्हणायला जीभ रेटेना.

"माहंच चुकलं असंन," त्या पुटपुटल्या.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. मला साधं थरथरताही आलं नाही. साहेबांनी शेरा लिहिला: गणित कच्चे.

हात असते तर जोडले असते, मित्रांनो. नऊचा बाक पुरा काढत जा. आणि मोठ्या माणसाची वही एकदा बघायला मागत जा.

आता तोंडं पाडू नका, शेवट गोड आहे. साहेब दाराशी पोचले, तोच मी फळ्यावरून असा ओरडलो की छपराचे चार कवेलू खाली आले. साहेब माघारी फिरले, नऊचा बाक त्यांनी आपल्या हातानं पुरा केला, शेरा खोडला, आणि बाई त्याच दिवशी पक्क्या...

"खोटं," मागच्या रांगेतली द्वारका म्हणाली. भागीरथाबाईंचीच ती लेक. "तू वरडला असता तं माही माय परक्याच्या वावरात कापूस काऊन वेचून राह्यली?"