परातीचं गॅस्केट

आमच्या ह्यांना मोटार चालवता येते, असं नेकनुरात कोणी म्हणलं की मी पदर तोंडावर घेते. हसू दिसू नये म्हणून. मोटार ह्यांना चालवते, हे सगळ्या गावाला ठाऊक हाय.

बिनटपाची, लांब नाकाची ती मोटार ह्यांनी हैदराबादच्या कुण्या नबाबाकडून आणली. नबाबाला ती नकोशी झालती, म्हणजे आमच्या ह्यांना ती पाहिजेच. त्याच साली आमच्या अंजनाचं लगीन ठरलं, माजलगावच्या राधाकिशनरावांच्या पोराशी. आता राधाकिशनरावांच्या दारातबी मोटार. सुपारी फुटली आन् दोघं व्याही ओसरीवर बसले, ते लग्नाचं सोडून कुणाची मोटार जास्ती पळती त्यावरच बोलत ऱ्हायले. शेवटी ठरलं, नेकनूरपासून बीडपर्यंत पळवायच्या, आन् हरंल त्यानं वरातीत दुसऱ्याच्या मोटारीमागं चालायचं. एकाची लेक, एकाचा लेक, लगीन तोंडावर आलेलं आन् ह्यांना शर्यत सुचतीय. मी आतून म्हणलं, "त्यापेक्षा मांडवात कुस्तीच खेळा की." दोघांनीबी ऐकलं न्हाई असं दाखवलं.

सराव म्हणून हे आष्टीच्या रस्त्याला गेलते. सकाळी पळत गेली ती मोटार दुपारी बैलांनी ओढून आणली.

त्रिंबक मिस्त्रीनं मोटारीचं नाक उघडून बघितलं. हा त्रिंबक औरंगाबादेचा, ह्यांनी मोटारीसंगं आणून ठेवलेला. बोलायला लागला की थांबत न्हाई. त्यानं सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. इंजनाला वर जड झाकण असतं. झाकण आन् इंजन ह्यांच्या मधी एक पातळ पत्रा घालतात, त्याला गॅस्केट म्हणतात. तो धड असला की आतला जाळ जाळाच्या जागी आन् पाणी पाण्याच्या जागी ऱ्हातं. आमचा पत्रा जळाला होता.

"शर्यतीच्या इंजनाला अख्ख्या तांब्याचं घालतात मालक," त्रिंबक म्हणला. "हैदराबादहून चांगला पत्रा मागवा."

मागवायचं म्हणजे थांबायचं, आन् थांबणं ह्यांच्या स्वभावात न्हाई. जाडा घ्यायचा का पातळ, नवं तांबं चांगलं का जुनं, ह्यावर लिंबाखाली दिवसभर मसलत चालली. ह्यांना तांब्यातलं काय कळतं? ह्यांनी आयुष्यात तांब्या उचलला तो फक्त पाणी प्यायला. पण निकाल ह्यांचाच. जुनं घरचं तांबं चोख असतं, म्हणले.

संध्याकाळी हे माझ्याशी गोड बोलायला लागले. तवाच मला कळायला पाहिजे होतं.

"तुझी ती माहेरची परात दे," म्हणले. "बिभीषण तांबटाकडून उजळून आणतो. अंजनाला द्यायचीच हाय, तर तुझ्या नावाखाली तिचं नावबी घालून घेऊ."

परात माझ्या आईनं दिलेली, साखराबाईनं. चांगली जाड, बुडाला सपाट. लोक भांड्याला नाव घालतात ते काठावर. आईनं माझं नाव ऐन मधी घालायला लावलं, 'सत्यभामा'. तांबट नको नको म्हणत होता, पीठ अडकंल म्हणला. आई मला म्हणली, "सासरी तुला तुझ्या नावानं कोण हाक मारणार हाय? भाकरी थापताना तरी हाताला लागू दे." खरंच की. ह्या घरात मी वहिनी झाले, काकी झाले, अंजनाची आई झाले. सत्यभामा फक्त परातीत ऱ्हायली. ठिपक्याठिपक्यांत पीठ अडकायचं, मी काडीनं काढायची. मला वाचता येत न्हाई, पण ती चार अक्षरं मला डोळे झाकून बोटानं कळतात. तीच परात अंजनाबरोबर जायची होती, हे तिला ती रांगत होती तवापासून सांगितलेलं.

ह्यांना हे सुचलं म्हणून मला बरं वाटलं. परात मीच चिंच लावून घासून दिली. इतकी शहाणी मी.

शर्यतीच्या दिवशी मी आन् अंजना लग्नाचं कापड घ्यायला दमणीतून बीडला निघालो. म्हाळू बैल हाकत होता. गाव सोडून बरंच पुढं आलो तर रस्त्याच्या कडंला आमची मोटार उभी, नाक उघडं, वाफ निघतीय. राधाकिशनरावांची कवाच धूळ उडवत पुढं गेलती. आन् आमचे हे? फेट्यावर काचेचा चष्मा चढवून रानाच्या बांधावर उभे. लोकाची जवारी बघत होते, जशी काय जवारी बघायलाच मोटार थांबवली.

म्हाळूनं बैल थांबवले. त्रिंबकनं झाकण उतरवलेलं, हातात फडक्यात धरलेला तांब्याचा लांबट पत्रा. त्याला एका ओळीत चार मोठाली भोकं, कडंनं बारकी बारकी. मधल्या दोन भोकांच्या मधी काळा फराटा गेलेला. फराट्याखाली ठिपके दिसले. मी खाली उतरले. पत्रा गरम होता, तरी बोट लावलं. सत्यभामा.

"पत्रा एक नंबर हाय बाईसाहेब," त्रिंबक सांगायला लागला, मला परातीचं ठाऊकच हाय असं समजून. "लाल तापवून पाण्यात बुडवला, एकदम मऊ केला. बोल्ट मधून बाहेर असे बेतानं आवळले. पण हे नाव. मी म्हणलं, ही जागा सोडून कापा. तर तेवढा पत्रा उरत न्हवता. म्हणलं, घासून काढा. तर बिभीषण म्हणला, तिथंच पातळ पडंल. मालक म्हणले, चार ठिपक्यांनी काय होतंय, आवळ. त्या ठिपक्यांतून जाळ निघाला आन् पाण्यात शिरला."

मी रडले. रस्त्यात, गाडीवानासमोर रडले. आई गेली तवाबी मी इतकी रडले न्हवते.

"कावून रडती?" हे बांधावरूनच म्हणले. "भांडंच तर होतं. हैदराबादहून ह्याच्या दुप्पट आणतो."

"अंजनाचं नाव कुठं घातलं?" मी विचारलं.

हे परत जवारीकडं बघायला लागले. मी पत्रा पदरात बांधला आन् दमणीत बसले. अंजना माझ्या पदराची गाठ धरून बसली. त्या दिवशी बीडला ह्यांच्या मोटारीआधी आमचे बैल पोचले.

परातीचा उरलेला काठ बिभीषणाकडून मी दुसऱ्याच दिवशी आणवला. ह्यांनी बोलल्याप्रमाणं नवी परात आणली. पितळेची, केवढी तरी, आन् मधी ह्यांचं स्वतःचं नाव, देशमुखीसकट, तळहाताएवढ्या अक्षरांत. अंजनाला वाचता येतं; तिनं वाचून मला सांगितलं.

लग्नात रुखवत मांडलं. नव्या परातीला ह्यांनी पुढची जागा दिली. मी तिच्या शेजारी जुन्या परातीचा काठ ठेवला आन् त्यात ते गॅस्केट. माजलगावची सगळी माणसं रुखवत बघायला आली. राधाकिशनराव वाकून बघायला लागले.

"हे काय हाय विहीणबाई?"

"शर्यतीचं सामान हाय," मी म्हणलं. "तुमच्या मागं पडलेलं."

त्यांना हसू आवरंना. सगळ्यांकडं बघून हसले, आमच्या ह्यांच्याकडं तर मुद्दाम.

"हसू नका व्याहीबुवा," मी म्हणलं. "ती तुमच्या सुनेची परात हाय. शर्यत दोघांची होती."

मग हसले न्हाईत. वरातीत आमच्या ह्यांना मागं चालायला कोणी सांगितलंबी न्हाई. आपणहून चालले, मान खाली घालून. मला दया आली न्हाई.

पाठवणीला अंजनाचं सामान गाडीत चढवलं. रुखवतातलं एकेक भांडं गेलं. गॅस्केट अंजनानं स्वतःच्या हातानं पेटीत, शालूखाली ठेवलं. पितळी परात तेवढी ओसरीवर ऱ्हायली. ह्यांनी ती उचलली, स्वतः घेऊन गाडीपाशी गेले.

"ही ऱ्हायली की पोरी."

अंजना रडत होती. डोळे पुसून तिनं परातीवरच्या नावावरून बोट फिरवलं.

"तिच्यावर तुमचं नाव हाय आबा," ती म्हणली. "तुमच्यापशीच ऱ्हाऊ द्या."

गाडी गेली तरी हे परात धरून उभे होते. अजून ती मोटारीपाशी पडलेली असती. हे तीत घासलेट ओतून मोटारीचे बोल्ट भिजत घालतात.