कस्तुरीने कुणाकडून खेळायचं

माझी मुलगी फुटबॉल खेळते, हे आमच्या नातेवाइकांना कित्येक वर्षं घरातल्या एखाद्या आजारासारखं वाटायचं. "अजून खेळते का गं ती?" असं आवाज खाली आणून विचारायचे. मीही "हो ना" म्हणून सुस्कारा सोडायचे. तेवढंच त्यांना समाधान.

कस्तुरी आठव्या वर्षापासून वेल्समधल्या आमच्या कार्डिफच्या चिखलात पोरांबरोबर खेळली. सोळाव्या वर्षी नदीच्या पुलापलीकडच्या, इंग्लंडातल्या एका क्लबने तिला घेतलं आणि बाकावर बसवून ठेवलं. मग दुसऱ्या क्लबला उसनी दिली, आपण शेजारणीला कढई देतो तशी. तिथून ती एक गुडघा सुजवून परत आली. पण हट्टी. गेल्या मोसमात तिने मधल्या फळीतली जागा पक्की केली आणि वेल्सच्या कोचचं बोलावणं आलं. दोन मैत्रीचे सामने झाले. आता खरा सामना होता, वर्ल्डकपच्या पात्रता फेरीचा, तोही कार्डिफलाच. नियम असा की एकविशीनंतर खऱ्या सामन्यात एकदा मैदानावर पाऊल ठेवलं, की आयुष्यभर त्याच देशाकडून खेळायचं.

नेमका तेव्हाच आमच्या ह्यांना देश आठवला.

हे म्हणजे उदय देशकर. नागपूरहून वर्क व्हिसावर आलेले. ब्रिटिश पासपोर्टच्या परीक्षेसाठी ह्यांनी आठव्या हेन्री राजाच्या सहाही बायका पाठ केल्या होत्या. स्वतःच्या आत्या मात्र चारच आठवतात. नागरिकत्वाच्या शपथविधीचा, मेयरबरोबरचा फोटो अजून दिवाणखान्यात आहे. मीही त्याच फोटोत आहे, मी काही फार सोवळी नाही. पण मी निदान गप्प बसते.

"ती इंडियाकडून खेळणार," हे म्हणाले, आणि ओळखी काढून दिल्लीच्या कुणा साहेबांना फोन लावला. साहेब गोड बोलले. मुलीचं स्वागतच आहे, फक्त तिने ब्रिटिश पासपोर्ट सोडायचा, भारतात येऊन राहायचं आणि भारतीय पासपोर्ट घ्यायचा. एवढंच. म्हणजे कार्डिफच्या हॉस्पिटलात जन्मलेल्या मुलीने स्वतःच्या खोलीत परतायला व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं. बाप ज्या रांगेतून सुटला, तिच्यात लेक उभी करायची, याला म्हणे देशप्रेम.

पंचाईत अशी, की कस्तुरी हट्टात बापावरच गेलेली. "आई, बाबा येस म्हणाले नाहीत तर मी नाही खेळणार. मला त्यांचा अँग्री फेस स्टँडमध्ये नको," तिने मला सांगून टाकलं. कोचला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. तिच्या जागेसाठी दुसऱ्या मुली बूट बांधून तयार होत्या. चोविसाव्या वर्षी अशी संधी गेली की गेली, हे मला कळत होतं आणि माझा जीव तुटत होता.

रविवारी इथल्या मराठी मंडळाचा गणपती. चर्चच्या हॉलमध्ये आरती झाली आणि कस्तुरीचा सत्कार ठेवला होता. आजार एकाएकी अभिमान झाला होता. नागपूरहून नणंदेचा, वैभवीताईंचा मेसेजही आला होता, "इंग्लंडच्या टीममध्ये सिलेक्शन झाल्याबद्दल अभिनंदन!" वेल्सच्या माणसाला इंग्लिश म्हटलेलं खपत नाही; कार्डिफमध्ये हे मोठ्याने वाचलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मंडळाचे अध्यक्ष पुष्कर. पुण्याचे, त्यामुळे माइक हातात आला की सोडत नाहीत. शाल घालून झाल्यावर ते मातृभूमीच्या ऋणावर घसरले; दिल्लीच्या फोनची बातमी ह्यांनीच त्यांना दिली असणार. "पासपोर्ट काय, कागद आहे! कस्तुरीने तो फेकून द्यावा आणि तिरंग्यासाठी खेळावं!" टाळ्यांचा कडकडाट. आमचे हे पहिल्या रांगेत सगळ्यांत जोरात.

कस्तुरीने माइक घेतला. "थँक यू काका. माझा मराठी इतका चांगली नाहीये. पण मला एकट्याला जायला स्केअरी वाटते. तर तुम्ही पण चला ना. आपण सगळे एकत्र पासपोर्ट सरेंडर करू. कोण कोण येणार, हात वर करा प्लीज."

तिने अगदी मनापासून विचारलं होतं, टोमणा मारायला ती काही माझ्याकडून शिकलेली नाही. हॉलमध्ये एकही हात हलेना. मग कुणीतरी म्हणालं, चहा गार होतोय, आणि सगळे हात चहाकडे गेले.

परतताना गाडी हेच चालवत होते, कस्तुरी मागे. मी तोंड उघडणार होते, छान धारदार वाक्य तयार होतं. तेवढ्यात ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"माझा जुना भारतीय पासपोर्ट वकिलातीत कोपरा कापून परत दिला," हे म्हणाले. "कात्रीने. माझ्यासमोर. मी गाडीत बसून रडलो, सुमन. तुला सांगितलं, पार्किंग मिळत नव्हतं म्हणून उशीर झाला."

इतकी वर्षं ह्या माणसाला मी त्या फोटोवरून चिडवत आले होते.

"वाटलं, ही इंडियाकडून खेळली, की माझं ते ऋण फिटेल," हे म्हणाले.

कस्तुरी मागच्या सीटवरून पुढे झुकली. "बाबा, तुम्ही का सोडला तो?"

"तुझ्यासाठी. तू इथे नीट राहावंस, कुणी तुला जा म्हणू नये म्हणून."

"मग मी तो परत घेतली, तर तुम्ही उगाच सोडला ना?"

ह्यांनी चष्मा काढला. खूप वेळ पुसत राहिले.

"मेसेज लिही कोचला, खेळतेय म्हणून," हे शेवटी म्हणाले.

तिने लिहिला. फोन मागून घेऊन ह्यांनी तो वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि पाठवायचं बटण स्वतःच्या अंगठ्याने दाबलं.