नऊ हजार किडे

भाऊजी, माझ्या ताईचे यजमान, आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. संशोधन संस्थेत ते कीटक विभागाचे प्रमुख, मी तिथला डेटाबेस सांभाळते. घरी जेवताना माझ्या कामाला ते 'बटणं दाबणं' म्हणतात. आज मात्र आवाजात साखर होती.

त्यांना डेटाबेसमधल्या आपल्या खात्याचं युजरनेम आठवत नव्हतं. चार वर्षं रोज वापरतोय, पण कामाच्या व्यापात डोक्यातून पार गेलं, म्हणाले.

मी त्यांचं खातं उघडून पाहिलं. किड्यांचे फोटो पाहून त्यांची नावं नोंदवायची, असं ते काम. नऊ हजारांवर किडे ओळखलेले होते. त्याबद्दल भाऊजींना मानपत्रही मिळालं होतं. सगळ्या नोंदी दुपारी दोन ते पाचमधल्या आणि संस्थेबाहेरच्या संगणकावरून. त्या वेळी भाऊजी इथे मीटिंगमध्ये पेंगत असतात, हे मी स्वतः पाहिलंय. युजरनेम म्हणजे ताईचं लहानपणचं टोपणनाव. दहा वर्षांच्या संसारात या गृहस्थांना ते कधी कळलं नव्हतं.

ताईही कीटकशास्त्रच शिकलेली. लग्नानंतर तिची नोकरी यांनीच सोडायला लावली. एका घरात दोन तज्ज्ञ कशाला, म्हणून.

"खातं शेवटचं कधी उघडलंत?" मी विचारलं.

ते टाचणीच्या डबीशी चाळा करत बसले. मग पुटपुटले, की ताईने सोमवारपासून हे काम बंद केलंय आणि युजरनेम विचारलं तर उत्तरच देत नाही.

नियमाप्रमाणे युजरनेम फक्त नोंदवलेल्या फोनवर जातं. तो फोन ताईचा निघाला. मी तिथे पाठवलं, तसा लगेच तिचा फोन आला.

"खातं त्यांच्या नावावर असेल, काम माझं आहे," ती म्हणाली. "मी संचालकांना सगळं लिहून कळवलंय. नोकरीचा अर्जही केलाय. त्यांना नवीन खातं काढून दे."

मी नवीन खातं काढलं. ओळखलेले किडे, शून्य. जुना आकडा इकडे आणता येईल का, असं त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, भाऊजी."

ते आपल्या खोलीत गेले. तासाभराने त्यांची पहिली नोंद आली. शेंबड्या पोरालाही ओळखता येईल अशा भुंग्यापुढे त्यांनी 'झुरळ' लिहिलं होतं. मी ती नोंद दुरुस्तीसाठी परत पाठवली.