उजव्या कप्प्यातला खाऊ

इर्माने कमरेचा पाऊच स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा उलटा केला. शीच्या पिशव्यांची गुंडाळी, पाण्यासाठी घडीची वाटी, एक फडकं आणि टॅन्सीच्या रोजच्या जेवणातले मूठभर कोरडे दाणे. बस. दाणे तिने उजव्या कप्प्यात भरले, पिशव्या डाव्या कप्प्यात, वाटी आणि फडकं मागे. चेन लावली. दोन घोट कॉफी घेतली आणि चेन परत उघडली.

"अगं, लढाईवर निघालीस का?" तिचा नवरा अर्वो तव्यावर सॉसेज परतता परतता म्हणाला. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून सकाळचा तवा त्याच्या ताब्यात होता. "कुत्रीला गावात एक चक्कर मारून आणायची, त्याला केवढी ही उठाठेव!"

"नुसती चक्कर आहे का ती?"

"नाही," अर्वो म्हणाला, आणि विनाकारण आच कमी करून पुन्हा वाढवली.

टेबलाखाली पसरलेली काळी लॅब्राडोर त्यांची नव्हती. अंध माणसांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची एक शाळा होती, तिची होती. शाळा पिल्लू घरी आणून देते. ते वाढवायचं, त्याला वळण लावायचं, आणि वेळ आली की परत करायचं. आज शाळेची कॉलीन शेवटची चाचणी घ्यायला येणार होती. टॅन्सी पास झाली तर आजच कॉलीनच्या गाडीत बसून पुढच्या शिक्षणाला जाणार. नापास झाली तर शाळा तिला कुणालातरी पाळायला देणार, आणि त्यात पहिला मान जिने वाढवलं तिचा.

इर्माला टॅन्सी द्यायची नव्हती. कागदावर सही तिनेच केली होती, चार माणसांत "समाजासाठी काहीतरी करावं" वगैरे तिनेच ऐकवलं होतं, आणि तरीही द्यायची नव्हती. हे ती अर्वोला बोलली नव्हती. बोलायची गरजही नव्हती म्हणा. आठवडाभर ती रात्री उठून टॅन्सीच्या पांघरुणाच्या घड्या सारख्या करत होती, आणि तो झोपल्याचं सोंग करून ऐकत होता.

अर्वो कॉफी ओतायला वळला तशी इर्माने ताटलीतला सॉसेजचा एक तुकडा उचलला, टिशूत गुंडाळला आणि डाव्या कप्प्यात, पिशव्यांच्या मागे दडवला.

टॅन्सीचं नाक हललं. अर्वो परत आला आणि ताटलीकडे बघत राहिला.

"एक तुकडा कुठे उडाला?"

"तूच खाल्ला असशील."

"असेन बाई. या वयात खाल्लेलं तरी कुठे आठवतं!"

बेल वाजली. अर्वो गुडघ्यांवर हात टेकत खाली बसला आणि टॅन्सीचे दोन्ही कान त्याने ओंजळीत धरले.

"नीट वाग हं तिकडे," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "नाहीतर नको वागूस."

इर्माने दार उघडलं. टॅन्सी उंबऱ्याशी थांबली. समोर मोकळी हवा, ओळखीची कॉलीन, अंगणात खारी, पण ती जागची हलली नाही. इर्मा "जा" म्हणेपर्यंत कुठल्याही दारातून बाहेर पडायचं नाही, हे पहिलं वळण होतं. ते लावताना इर्माचे दोन पायमोजे फाटले होते आणि एक दिवा फुटला होता.

"जा," इर्मा म्हणाली. टॅन्सी बाहेर पडली आणि खाऊसाठी वळून बसली. इर्माने न बघता उजव्या कप्प्यातून एक दाणा काढून दिला.

ही न बघता द्यायची सवय कॉलीनने लावलेली. अगदी पहिल्या दिवशी इर्मा खांद्याला भलीमोठी झोळी लावून निघाली होती. तीत खेळणी, दोन टॉवेल, बिस्किटं, पाण्याची बाटली आणि कात्रीसुद्धा. कॉलीनने स्वतःचा मफलर काढून तिच्या डोळ्यांवर बांधला आणि म्हणाली, "आता शीची पिशवी काढा बघू." इर्मा चाचपडत राहिली, कात्री बोटाला लागली. "हिचा पुढचा माणूस असाच शोधणार आहे," कॉलीन म्हणाली. "थोडंच घ्या. ज्याची त्याची जागा ठरवा." तेव्हापासून हा पाऊच. पुढे मफलर सुटला, पण इर्माने पाऊचमध्ये बघायचं सोडून दिलं ते सोडूनच दिलं.

आणि आज त्याच पाऊचमध्ये एक वस्तू अशी होती जिला जागा नव्हती.

कॉलीन दहाएक पावलं मागून चालत होती. सरोवरावरून बोचरा वारा येत होता. टॅन्सी डाव्या हाताला, पट्टा सैल, प्रत्येक फुटपाथच्या कडेला थांबत होती. बस फुस्स करून थांबली, तिने मान वळवली नाही. एका म्हातारीने "अगो माझी बाय!" करत हात पुढे केला, तिने शेपटी दोनदा हलवली आणि पुढे चालू लागली. इर्माचं मात्र एक पाऊल धड पडत नव्हतं. ती दोनदा विनाकारण थबकली. एकदा चक्क चुकीच्या गल्लीकडे वळली.

"बरं वाटतंय ना, इर्मा?" मागून आवाज आला.

"वारा आहे गं फार."

चोराच्या मनात चांदणं. कॉलीन साधी खोकली तरी इर्माचा हात पाऊचवर जात होता. रस्त्यात पडलेलं खाल्लं की नापास, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ज्या कुत्र्याचं नाक जमिनीवर गेलं ते आपल्या माणसाला गाडीखाली नेईल, म्हणून त्यात माफी नव्हती. एक घास, आणि टॅन्सी कायमची टेबलाखाली. कुणाचं काय बिघडणार होतं? शाळेत कुत्री कमी आहेत का?

कमी होती. तेही तिला ठाऊक होतं.

बेकरीसमोर कॉलीन बुटाची नाडी बांधायला वाकली. इर्माचा हात डाव्या कप्प्यात गेला, टिशू उलगडला, आणि तुकडा फुटपाथवर पडला. टॅन्सीच्या अगदी तोंडासमोर.

टॅन्सी थबकली. तिच्या नाकपुड्या फुलल्या, कान पुढे आले, लाळेचा एक थेंब ओठाशी जमला. खा, इर्मा मनात म्हणाली. खा गं, खाऊन टाक.

टॅन्सीने मान वर करून इर्माकडे बघितलं. मग तुकड्याला वळसा घालून ती पुढे निघाली आणि पट्टा ताणला गेला तशी इर्मासाठी थांबली.

जे पेरलं तेच उगवलं होतं. सगळा हिवाळा इर्माने स्वयंपाकघरभर उकडलेली कलेजी पसरून तिला मधून चालवलं होतं. अर्वो खुर्चीवर पाय घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "या घरात मला चालायला जागा नाही, पण कुत्रीला रस्ता आहे."

तुकडा तिथेच टाकून जाणं बरं नव्हतं. इर्माने पिशवी काढली, शी उचलतात तसा तो उचलला आणि गाठ मारली. मान वर केली तर कॉलीनची नाडी बांधून झाली होती.

कॉलीन गाडीच्या दिशेने चालू लागली. इर्माच्या बोटाला ती छोटी पिशवी लोंबकळत होती. वाटेत दोन कचऱ्याचे डबे गेले, तिला दिसले नाहीत.

गाडीशी कॉलीनने हात पुढे केला. "द्या इकडे. मी टाकते."

"असू दे. कचराच आहे."

"माहितीये मला." तिने पिशवी घेतली, जरा दाबून बघितली. "माझ्या वेळी चीज होतं."

इर्माची कानशिलं तापली, हसूही येईना आणि रडूही येईना.

"मग?" ती शेवटी म्हणाली. "त्याने खाल्लं?"

"ढुंकून बघितलं नाही मेल्याने." कॉलीनने पिशवी डब्यात टाकली. "त्यानंतर आठ वर्षं एका शिक्षिकेला शाळेत नेऊन पोचवायचा. मी अजून त्याच्यावर रागावलेली आहे."

मग तिने गाडीचं मागचं दार उघडलं. आत स्वच्छ पिंजरा होता, रिकामा. पांघरूण, खेळणं, काही बरोबर द्यायचं नाही असा नियमच होता, आणि इर्माने काही आणलंही नव्हतं. तिने पट्टा कॉलीनच्या हातात दिला.

"चल टॅन्सी, वर," कॉलीन म्हणाली.

टॅन्सी दाराशी थांबली. आत बघितलं, कॉलीनकडे बघितलं, मग वळून इर्माकडे बघत उभी राहिली. कॉलीन पुन्हा बोलली नाही. तिने पट्टाही ओढला नाही. ती हातातल्या किल्ल्यांकडे बघत राहिली.

इर्माला वाटलं, नाही म्हणाले तर? नुसती गप्प राहिले तर ही इथेच उभी राहील. अंधार पडेपर्यंत उभी राहील, एवढं चांगलं वळण आहे हिला.

वाऱ्याने टॅन्सीच्या पाठीवरचे केस उलटे झाले. इर्माने हात फिरवून ते सरळ केले.

"जा," ती म्हणाली.

टॅन्सीने उडी मारली. आत वळली, नीट बसली, आणि रोजच्यासारखी आपल्या खाऊची वाट बघू लागली. इर्माला समोरचं काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. हात पाऊचकडे गेला, उजव्या कप्प्यात, आणि दाणा बरोबर सापडला.