वादळाची उसनी चाल

मी वादळ. नाव ऐकून दचकू नका, माझ्यात वादळासारखं काहीही नाही. मी एका व्हिडिओ गेममधलं साधं पात्र आहे. तुम्ही बटण दाबलंत तर उडी मारेन. कंट्रोलर बाजूला ठेवलात तर एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत तासन्‌तास उभं राहीन. आपल्या मर्जीनं मला मागे वळूनसुद्धा बघता येत नाही. तेव्हा माझी जन्मकथा म्हणजे खरं तर दुसऱ्यांनी माझं काय काय केलं त्याचीच कथा आहे.

माझा जन्म एका ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर झाला. चित्रकारानं मला लांब कोट दिला, मानेपर्यंत केस दिले आणि असा चेहरा काढला की बघणारा दोनदा बघेल.

"मुलगा की मुलगी?" कुणीतरी विचारलं.

"वादळ आहे," चित्रकार म्हणाला आणि जेवायला निघून गेला.

तेवढ्यावर त्यांचं भागलं. माझंही भागलं. कड्यावरून उडी मारताना, शिडी चढताना हा प्रश्न मला कधी पडला नाही. खोटं कशाला बोलू?

मला चालायला शिकवलं ते ताईनं. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. पात्रांच्या हालचाली बसवणं हे तिचं काम. त्यासाठी जिवंत माणूस लागतो. त्याला अंगाला घट्ट बसणारे काळे कपडे घालायचे, सांध्यासांध्यावर पांढरे गोळे चिकटवायचे आणि कॅमेऱ्यांसमोर चालायला लावायचं. त्याचे गोळे जसे हलतील तसं पडद्यावर आमचं अंग हलतं.

त्या दिवशी ठरलेल्या नटाचा पाय मुरगळला, आणि नेमका ताईचा धाकटा भाऊ तिचा दुरुस्त केलेला चष्मा द्यायला आला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. काचा घासतो, वाकलेल्या दांड्या सरळ करतो.

"सोन्या, पाच मिनिटं चालून दाखव. तात्पुरतं रे. नट आला की पुसून टाकीन."

"मी? ताई, डोकं फिरलंय का तुझं? माझ्या चालण्यावर लोक हसतात."

तिला माहीत होतं. शाळेत असल्यापासून तो रस्त्यानं निघाला की मागून कुणी ना कुणी त्याची नक्कल करत चालायचं. 'बायल्या' ही हाक त्यानं स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकली होती. वडील म्हणायचे, "पुरुषासारखा चाल जरा." मग तो भिंतीच्या कडेनं, भराभर चालायला शिकला. कुणाला धड दिसायच्या आत वळण गाठायचं, एवढंच त्याचं ध्येय.

ऑफिसातही तो आधी तसाच चालला.

"असं नाही रे," ताई म्हणाली. "घरी पाणी प्यायला उठतोस ना, तसा जा."

मग तो चालला. पाऊल आधी बोटांवर टेकत होतं, कंबर किंचित मागे रेंगाळत होती, मनगटं सैल होती. काय सांगू तुम्हाला! ती चाल माझ्यात उतरली आणि आपल्याला अंग आहे असं मला पहिल्यांदा वाटलं.

तात्पुरतं म्हणून केलेलं तसंच राहून गेलं. नट लंगडत परत येईपर्यंत सगळ्यांना माझी सवय झाली होती.

गेम बाजारात आला आणि लोकांनी मला डोक्यावर घेतलं. भांडलेही खूप. वादळ मुलगा की मुलगी, यावरून जिवाभावाचे मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. एका दीडशहाण्यानं तर पडद्याला पट्टी लावून माझे खांदे मोजले. एकीनं ऑफिसला पत्र लिहिलं, "तू नक्की कोण, असं मला कुणी विचारलं की मी वादळकडे बोट दाखवते." ताईनं ते पत्र तिच्या टेबलाजवळ चिकटवलं. चाल मात्र भांडणाऱ्या सगळ्यांनाच आवडली होती.

एक दिवस ताईचा हा चष्मेवाला भाऊ दुकानातून घरी आला तो चपलाही न काढता ताईपुढे उभा राहिला. टीव्ही चालू होता, म्हणून मला सगळं दिसलं.

"ताई, आज एक शाळकरी मुलगी आली होती. नवा चष्मा घातला आणि काउंटरपासून दारापर्यंत चालत गेली. आईला म्हणते, बघ, वादळसारखी चालतेय. माझी चाल होती गं ती!"

"मग आई काय म्हणाली?"

"म्हणाली, किती छान."

एवढं सांगून तो लहान मुलासारखा रडला. पुढे तो भर रस्त्यात मधोमध चालायला लागला, असं ताई ऑफिसात हसून सांगायची.

दुसऱ्या वर्षी एक खेळणी बनवणारी कंपनी आली. त्यांना माझी बाहुली काढायची होती. त्यांच्या माणसाला एकच अडचण होती, दुकानात ती मुलांच्या फळीवर ठेवायची की मुलींच्या?

"मुलगा करून टाका," ऑफिसचे साहेब म्हणाले. "आणि ती चाल बदला. मुलाला शोभत नाही."

"साहेब, लोकांना ती चालच तर आवडते. बाहुली दोन्हीकडे ठेवू दे की."

"एका बाहुलीला दोन फळ्या देत नाहीत, ताई."

ताई आठवडाभर भांडली. शेवटी साहेब म्हणाले, तू नाहीस तर दुसरा कुणी करेल. दुसऱ्याचा हात लागण्यापेक्षा आपलाच बरा, म्हणून तीच बसली. एकेक सांधा तिनं नवा बसवला. छाती पुढे, पाय फाकलेले, टाच आधी आपटायची. मला ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडणार कसं? मला जेमतेम तीन वाक्यं दिलेली आहेत, आणि त्यातलं एक "दार उघड" आहे.

घरी भावाला सांगायला तिची जीभ रेटली नाही.

रविवारी सकाळी नवी आवृत्ती घरच्या टीव्हीवर उतरली. चष्मेवाल्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि मला चार पावलं चालवलं. थांबवलं. पुन्हा चालवलं.

"ताई, हे काय?"

"वरून हुकूम आला रे."

"पुसलीस?"

ताईनं मान खाली घालून हो म्हटलं.

"बरं झालं," तो हसून म्हणाला. "आता निदान माणसासारखं चालतंय."

कंट्रोलर ठेवून तो आत गेला. घरातल्या घरात, भिंतीच्या कडेनं.

मंगळवारी त्याच्या दुकानाला सुट्टी असते. ताई ऑफिसला गेल्यावर त्यानं टीपॉय बाजूला सरकवला आणि मला सुरू केलं. मला वाटलं, आता राग काढेल, कड्यावरून ढकलून देईल. दे बाबा, खुशाल ढकल. पण त्यानं मला एका मोकळ्या मैदानात नेलं आणि सरळ चालवलं. मग कंट्रोलर हातात धरून, माझ्याकडे बघत, तोही चालू लागला. छाती पुढे. पाय फाकलेले. टाच. चुकलं की मला परत आणायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायचा.

मला अडखळायचं होतं, तोंडावर पडायचं होतं. पण त्याचा अंगठा बटणावर होता. जे येत नाही म्हणून वडिलांनी त्याला जन्मभर बोल लावले, ते शिकवायला मलाच उभं केलं होतं, आणि तो गुणी विद्यार्थ्यासारखा शिकत होता.

"जमतंय," तो स्वतःशीच म्हणाला.

आता तो रोज अर्धा तास सराव करतो. कालपासून हातही फेकायला लागलाय.

म्हणून तुमच्यापुढे हे गाऱ्हाणं. कधी चष्मा करायला गेलात, आणि काउंटरमागून एखादा माणूस टाचा आपटत तुमच्याकडे आला, तर त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, वादळ चुकीचं शिकवतंय, त्याचं ऐकू नकोस. मी स्वतःच सांगितलं असतं. पण त्यानं आत्ताच टीव्ही लावलाय, आणि मला चालायचं आहे.